बारा टक्के आले कुठून? पीटर लव्ह यांचं फेरकामावरचं संशोधन

गेल्या महिन्यात सिव्हिलमध्ये पीएचडी करणारी माझी एक मैत्रीण सेमिनारची तयारी करत होती. तिच्या दुसऱ्याच स्लाइडवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘फेरकामावर कंत्राटी रकमेच्या 12 टक्के खर्च होतो.’ मी संख्याशास्त्राची विद्यार्थिनी, त्यामुळे आकडा दिसला की तो मोजला कसा हे विचारायची खोड आहे. ती म्हणाली, “अगं, सगळेच हा आकडा देतात.” तिथून मी एका माणसाच्या वीसेक वर्षांच्या कामात शिरले. ते काम मला आवडलं, पण त्याच्याशी माझं थोडं भांडणही आहे. दोन्ही सांगते.

आधी फेरकाम म्हणजे काय ते पाहू. बाथरूमला टाइल्स लागतात आणि मग कुणाच्या तरी लक्षात येतं की आतल्या पाइपची जागा चुकली आहे. टाइल्स फोडा, पाइप हलवा, पुन्हा प्लास्टर, पुन्हा टाइल्स. पहिल्याच वेळी नीट व्हायला हवं होतं ते काम दुसऱ्यांदा करणं, इतकीच त्याची व्याख्या. यात प्रत्यक्ष खर्च असतो मजुरी आणि मालाचा. अप्रत्यक्ष खर्च असतो थांबलेल्या गवंड्याचा, लांबलेल्या मुदतीचा आणि वादावादीचा.

या विषयावर ज्यांचं नाव सर्वांत जास्त येतं ते पीटर लव्ह, ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथल्या कर्टिन विद्यापीठातले प्राध्यापक. बांधकामाचं कंत्राट कसं द्यावं आणि कामाचा दर्जा कसा सांभाळावा, हे दोन विषय सहसा वेगवेगळ्या खोल्यांत शिकवले जातात. लव्ह यांनी त्यांना एकाच प्रश्नात बांधलं: कंत्राटाची पद्धत बदलली तर फेरकाम कमी होतं का?

प्रश्न चांगला का आहे, बघा. जुन्या पद्धतीत आर्किटेक्ट आराखडा पूर्ण करतो, मग निविदा निघते आणि ठेकेदार नंतर येतो. आराखडा करणारा आणि बांधणारा आधी एकमेकांना भेटतही नाहीत. डिझाइन-अँड-बिल्ड पद्धतीत दोन्ही जबाबदाऱ्या एकाकडेच असतात. दुसऱ्या पद्धतीत चुका कमी होतील, असं आपल्याला सहज वाटतं. लव्ह यांनी हे ‘वाटणं’ तपासायला घेतलं.

2000 साली हेंग ली यांच्याबरोबर त्यांनी दोन प्रकल्पांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एक निवासी इमारतींचा, दुसरा गोदामाचा. फेरकामाचा खर्च निघाला कंत्राटी रकमेच्या 3.15 आणि 2.40 टक्के. मग 2002 मध्ये 161 ऑस्ट्रेलियन प्रकल्पांची प्रश्नावलीवर आधारलेली पाहणी आली. तिच्यात प्रत्यक्ष खर्चाची सरासरी 6.4 टक्के आणि अप्रत्यक्ष खर्चाची 5.6 टक्के होती. बेरीज करा. झाले बारा! मैत्रिणीच्या स्लाइडवरचा आकडा हा असा आला.

आता माझं भांडण. साइटवर जाऊन दोन प्रकल्प तपासले तेव्हा आकडा तीनच्या आसपास होता. लोकांना विचारलं तेव्हा तो बारा झाला. दोन प्रकल्पांवरून काही सिद्ध होत नाही, हे मान्य. पण विचारणं आणि मोजणं यांत फरक आहे. प्रश्नावली भरणारा माणूस हिशेबाची वही उघडून बसत नाही, तो अंदाज देतो. ज्या प्रकल्पात डोकं फुटायची वेळ आली तो जास्त लक्षात राहतो. शिवाय टक्केवारी शून्याखाली जाऊ शकत नाही, वर मात्र कितीही जाऊ शकते. अशा माहितीत चार वाईट प्रकल्प सगळी सरासरी ओढून नेतात.

तुलनेला स्वीडन घ्या. योसेफसन आणि हामारलुंड यांनी 1999 मध्ये सात इमारत-प्रकल्पांवरचा अभ्यास छापला. त्यांनी निरीक्षक साइटवरच बसवले आणि 2879 दोष नोंदवले. खर्च आला उत्पादनखर्चाच्या 4.4 टक्के. मोजायची व्याख्या वेगळी, छेदातली रक्कम वेगळी, त्यामुळे हे आकडे शेजारी ठेवून थेट वजाबाकी करता येत नाही. पण नेमकं म्हणूनच एकटा ‘12 टक्के’ लिहिणं चुकीचं आहे.

दुसरा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्याच 2002 च्या लेखाचा मुख्य निष्कर्ष वेगळाच होता: प्रकल्पाचा प्रकार किंवा कंत्राटाची पद्धत बदलल्याने फेरकामाच्या खर्चात फरक दिसला नाही. केवढं मोठं विधान आहे हे! ‘पद्धत बदला, दर्जा सुधारेल’ असं सांगणाऱ्यांची हवाच निघते. मैत्रिणीच्या स्लाइडवर मात्र हे नव्हतं. आकडा उचलायला सोपा असतो.

इथे पुन्हा माझ्यातली संख्याशास्त्रवाली जागी होते. ‘फरक दिसला नाही’ म्हणजे ‘फरक नाही’ असं नव्हे. 161 प्रकल्प वेगवेगळ्या पद्धतींत वाटले की एकेका गटात थोडेच उरतात, आणि आतला चढउतार मोठा असला की लहान फरक त्यात बुडून जातो. तेव्हा या निष्कर्षावरून इतकंच म्हणता येतं की पद्धतीचा परिणाम असलाच, तर तो अशा पाहणीत उठून दिसण्याइतका ठळक नाही.

मग या माणसाचं काम वाचायचं कशाला? कारण पुढे ते स्वतःच या जमिनीखाली खणायला लागले. 2018 मध्ये त्यांनी जिम स्मिथ यांच्याबरोबर लिहिलं की फेरकामाची व्याख्याच संशोधनात संदिग्ध आहे. कुणी मालकाने सांगितलेले बदल धरतो, कुणी धरत नाही. पुढच्याच वर्षी सहकाऱ्यांबरोबरच्या एका लेखात त्यांनी फेरकामाला ‘गैरसोयीचं ज्ञान’ म्हटलं. म्हणजे साइटवर सगळ्यांना माहीत असतं, पण कागदावर कुणालाच नको असतं. नोंद केली तर दोष कुणाचा हे ठरतं, दोष ठरला की पैसे कापले जातात. म्हणून मुकादम गुपचूप फोडतो, गुपचूप बांधतो.

हे वाचलं आणि मी 2002 च्या लेखाकडे परत गेले. लोक फेरकाम लपवत असतील, तर त्यांनी प्रश्नावलीत लिहिलेला आकडा किती खरा धरायचा? अंदाज फुगलेला असेल की दबलेला, हेसुद्धा सांगता येत नाही. उत्तरार्धातल्या लव्ह यांनी पूर्वार्धातल्या लव्ह यांच्या आकड्यावर प्रश्नचिन्ह लावलंय, असं मी म्हणेन. गंमत म्हणजे 2018 मध्येच त्यांनी आणि आहियागा-डागबुई यांनी बेन्ट फ्लूब्येर्ग यांच्या खर्चवाढीच्या आकड्यांवर कडक टीका केली होती. त्यातला एक आक्षेप होता, वाढ नेमकी कुठल्या टप्प्यापासून मोजायची? हाच काटेकोरपणा त्यांच्या स्वतःच्या जुन्या आकड्याला लावला, तर तो एकट्याने स्लाइडवर उभा राहू शकत नाही.

आपल्याकडे याचा संबंध काय, असं विचाराल. सरकारी बांधकामात आपण वर्षानुवर्षं सर्वांत कमी बोलीलाच काम देत आलो. 29 ऑक्टोबर 2021 च्या केंद्रीय अर्थखात्याच्या सूचनांनी ठरावीक कामांत दर्जालाही गुण द्यायला परवानगी दिली, जास्तीत जास्त 30 टक्के. पाऊल चांगलं आहे. पण लव्ह यांचं काम वाचल्यावर माझी शंका अशी: ज्या ठेकेदाराने आपलं फेरकाम प्रामाणिकपणे लिहून ठेवलं, त्याला दर्जाचे गुण जास्त मिळतील की कमी? कमी मिळणार असतील, तर पुढच्या वेळी तो वही कोरीच ठेवेल. आणि मग दहा वर्षांनी आपल्याकडचा कुणी विद्यार्थी पुन्हा ऑस्ट्रेलियातला आकडाच स्लाइडवर टाकेल.

मैत्रिणीने स्लाइड बदलली. आता तिथे तीन आकडे आहेत, प्रत्येकाखाली तो मोजलेला की विचारलेला हे लिहिलंय, आणि शेवटी पद्धतीमुळे फरक न दिसल्याची ओळ आहे. सेमिनारमध्ये सरांनी विचारलं, “मग नक्की टक्के किती?” ती म्हणाली, “सर, आपल्याकडे अजून कुणी साइटवर बसून मोजलंय का, ते आधी शोधते.” त्या शोधात मी तिच्याबरोबर आहे. तुमच्यापैकी कुणी साइटवर काम करत असेल, तर एकच विनंती: पुढच्या वेळी भिंत फुटली की तारीख, कारण आणि लागलेले तास कुठेतरी लिहून ठेवा. नाव नाही लिहिलंत तरी चालेल.