वनप्रदेशातील व्यवसायमार्गदर्शन : एक विचार

चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांसाठी २०११ साली गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. अशा विद्यापीठातील व्यवसायमार्गदर्शन केवळ नोकऱ्यांच्या जाहिराती व स्पर्धा-परीक्षांची माहिती पुरवून थांबेल, तर त्याचा हेतू अर्धाच साधेल. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ साली बांबूच्या वाहतूक-परवान्यांचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. हक्काबरोबर हिशेब, विक्री, करार व वनसंवर्धन यांची जबाबदारी आली. ती पेलणारे पदवीधर गावांना हवे आहेत. म्हणून बाहेर जाण्याच्या वाटा दाखवितानाच मार्गदर्शनाने ही वाटही दाखविली पाहिजे. मात्र या कामास योग्य वेतनाची जोड नसेल, तर गावी राहण्याचा उपदेश विद्यार्थ्यांवर अन्यायच ठरेल.