छापखाना आणि ग्रंथाचा बाजार

घोडबंदर रोडवर राहणाऱ्या एका सुशिक्षित स्नेह्यांनीं परवां आम्हांस मोठ्या अभिमानानें सांगितलें कीं, फादर स्टीफन्स यांचें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं आपल्या साष्टींतच छापलें गेलें. घोडबंदर हें ठाण्याच्या साष्टी बेटाच्या उत्तर टोंकास आहे, तेव्हां हा समज स्वाभाविकच होय. परंतु तो ग्रंथ छापला गेला राचोल येथें, आणि राचोल आहे गोव्याच्या साष्टींत. नांवांचा हा घोटाळा क्षम्य आहे. आम्हीही एके काळीं त्यांत सांपडलों होतों. मात्र मुद्रणकला आली कीं ग्रंथांचें युग सुरू झालें, ही जी कल्पना त्या अभिमानाच्या बुडाशीं आहे, ती आम्हांस मान्य नाहीं.

युरोपचाच इतिहास पाहा. मायन्झ येथें गुटेनबर्गनें १४५५ च्या सुमारास बायबल छापलें, आणि त्याच सुमारास कर्जाच्या दाव्यांत तो फुस्ट नांवाच्या सावकारापुढें हरला. प्रारंभापासून तेथें खिळ्यांच्या मागें भांडवल होतें व भांडवलाचा डोळा गिऱ्हाइकावर होता. व्हेनिसच्या आल्डसनें १५०१ पासून प्राचीन कवि लहान, आटोपशीर आकारांत काढले. न बांधलेले छापील ताव पिंपांत भरून फ्रँकफुर्टच्या जत्रेस जात. विद्येची वाहतूक अशी वाण्याच्या मालाप्रमाणें चाले, आणि त्यांत आम्हांस यत्किंचितही कमीपणा वाटत नाहीं.

गोव्यांत छापखाना १५५६ सालीं उतरला खरा, पण तो धर्मप्रसाराचें साधन म्हणून. गिऱ्हाइकाच्या मागणीनें नव्हे. स्टीफन्स यांनीं १६०८ च्या पत्रांत आपल्या वरिष्ठांस कळविलें होतें कीं, या देशाच्या लिपींत ग्रंथ छापले जावे अशी आपली फार दिवसांची इच्छा आहे. परंतु युरोपांतील चोवीस अक्षरांच्या जागीं येथें सुमारें सहाशें ठसे लागतात. शेवटीं अकरा हजारांच्या आसपास मराठी ओंव्या रोमन अक्षरांत निघाल्या. ओंवी जुन्या पुराणांच्या वळणाची, आणि पोशाख मात्र परका! मोडी-बाळबोध वाचणाऱ्या मराठी माणसाच्या हातीं तें पुस्तक पडतें, तरी त्यास तें वाचतां आलें नसतें. १६४९ व १६५४ सालीं आणखी आवृत्त्या निघाल्या. तिन्ही आवृत्त्यांपैकीं एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. १६७४ नंतर गोव्यांतील मुद्रण थांबलें, तें १८२१ पर्यंत. मधल्या काळांत पुराण जगलें तें भाविकांच्या हस्तलिखितांत, आणि त्यांच्याच आधारें १९०७ सालीं मंगळूरास तें पुन्हां छापलें गेलें.

मराठी ग्रंथाचा बाजार उभा राहिला तो मुंबईंत. गणपत कृष्णाजींनीं १८३१ सालीं छापील पंचांग विकावयास काढलें. छापाच्या शाईंत चरबी असते म्हणून कर्मठ मंडळी बिचकत. तेव्हां त्यांनीं शाईंत तूप घातलें, असें सांगतात. स्टीफन्सच्या काव्याची सर पंचांगास येणार नाहीं हें उघड आहे. पण आमच्या मतें मराठी ग्रंथव्यवहाराचा आरंभ त्या तुपाच्या शाईंत शोधावा, राचोलच्या खिळ्यांत नव्हे. आणि स्नेह्यांस आपल्याच साष्टीचा अभिमान धरावयाचा असेल, तर वि. ल. भावे प्रभृतींनीं १८९३ सालीं ठाण्यांत स्थापिलेलें मराठी ग्रंथसंग्रहालय त्यांच्या घरापासून फार दूर नाहीं.