प्रत्यक्षदर्शी वृत्तांतांचे संकलन : रानपिंगळ्याच्या निमित्ताने

गूढ मानल्या गेलेल्या प्राण्यांविषयीचे वृत्तांत अभ्यासक एकतर भाबड्या कल्पना म्हणून बाजूस सारतात, किंवा लोककथा म्हणून संग्रहित करतात. पाहणाऱ्याने नेमके काय पाहिले, हा मूळ प्रश्न दोन्ही पक्षी अनुत्तरित राहतो. या प्रश्नाचे महत्त्व खानदेशातील रानपिंगळ्याच्या इतिहासावरून ध्यानी येते.

ब्लुइट यांनी १८७२ मध्ये मिळविलेल्या नमुन्यावरून ह्यूम यांनी १८७३ मध्ये या पक्ष्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे जेम्स डेव्हिडसन यांनी खानदेशात त्याचे आणखी नमुने मिळविले. १८८४ नंतर मात्र त्याची विश्वसनीय नोंद आढळेना. अपवाद एकच होता : रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन यांच्या संग्रहातील, १९१४ साली गुजरातेतील मांडवी येथे मिळाल्याची चिठ्ठी असलेला नमुना. या चिठ्ठीवर विसंबून झालेला शोध निष्फळ ठरला. तो नमुना वस्तुतः डेव्हिडसन यांचा असून संग्रहालयातून चोरून नव्याने सजविलेला होता, हे पामेला रासमुसेन व नायजेल कॉलर यांनी सिद्ध केले व १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. मांडवीची नोंद त्याज्य ठरवून जुन्या, खऱ्या स्थळांकडे वळल्यावर २५ नोव्हेंबर १९९७ रोजी रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांना शहाद्याजवळ जिवंत रानपिंगळा आढळला.

या प्रकरणाचा खरा बोध निराळाच आहे. स्थळ, दिनांक व संग्राहकाचे नाव या तिन्ही गोष्टी त्या चिठ्ठीवर होत्या. साक्षीदारही प्रतिष्ठित होता. तथापि चिठ्ठी खोटी निघाली. सत्य उघड झाले ते पक्ष्याच्या कातड्यावरून, कारण त्यावरील मूळ हाताच्या खुणा पुरत्या पुसल्या गेल्या नव्हत्या.

मौखिक साक्षीच्या बाबतीत हे कातडे म्हणजे साक्षीदाराचे स्वतःचे शब्द होत. कळसाडीसारख्या गावी कोणी भिलीत वा पावरीत एखाद्या अनोळखी जीवाचे वर्णन केले आणि संकलकाने त्याचे ‘घुबड’ अथवा ‘भूत’ असे प्रमाण मराठी रूपांतर केले, तर पुरावा तेथेच नष्ट होतो. साधा ठिपकेदार पिंगळा आणि दिवसाही वावरणारा रानपिंगळा यांतील भेद अशा रूपांतरात सहज लोपतो. याकरिता प्रथम मूळ बोलीतील उद्गार, नंतर वेळ, अंतर, प्रकाश व आवाज यांचा तपशील, आणि संकलकाचे मत स्वतंत्र पानावर, असा क्रम राखणे अगत्याचे आहे.

साक्ष जपणे म्हणजे ती मान्य करणे नव्हे. वाघदेवाविषयीच्या अनुभवकथनाचे मोल श्रद्धेच्या इतिहासात आहे. प्राणिशास्त्राच्या कसोटीला ते लावणे अप्रस्तुत होय. परंतु कोणती साक्ष कोणत्या शास्त्राची, हे ठरविण्याचा अधिकार पुढील अभ्यासकासाठी मोकळा राहिला पाहिजे. शहाद्याच्या रानात वावरणाऱ्यांना ११३ वर्षांत तो पक्षी दिसला असण्याचा संभव मोठा आहे. त्यांचे शब्द टिपलेले असते, तर शोधकांस खोट्या चिठ्ठीची वाट धरावी लागली नसती.