शेजाऱ्याविषयी लिहिताना

सोलापूरला १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून एक तक्रार आपण सातत्याने मांडत आलो आहोत. मराठी कथा-कादंबऱ्यांत मुसलमान येतो तो अत्तरवाला, खाटीक नाहीतर इतिहासातला खलनायक म्हणून. त्याला घर नसते, कर्ज नसते, मुलीच्या शिक्षणाची काळजी नसते. ही तक्रार खरी आहे. हमीद दलवाईंची ‘इंधन’ १९६५ साली आली. कोकणातल्या एका गावाचे राग-लोभ तिने आतून दाखवले, तेव्हा फरक किती मोठा असतो हे मराठी वाचकाला कळले.

पण हीच फूटपट्टी आज आम्ही उलटी धरणार आहोत. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत आपली वस्ती आहे आणि आपल्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावर ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांचे पाडे आणि वाड्या आहेत. आपल्या लिखाणात हा शेजारी कसा येतो?

प्रथम कबुली देतो. बी.एड.च्या वर्षी आम्ही मुरबाड तालुक्यातल्या एका कातकरी वाडीवर प्रकल्प लिहिला होता. त्याचे तीन मथळे होते: दैनंदिन जीवन, श्रद्धा, गरजा. दोन दिवसांत माहिती गोळा झाली, चांगले गुणही मिळाले. वाडीतल्या एका म्हाताऱ्याने आम्हाला विचारले होते की, हे लिहून तुम्ही कोणाला देणार आणि ते वाचून तो काय करणार? हा प्रश्न आमच्या वहीत उतरलाच नाही, कारण तो तिन्ही मथळ्यांत कुठेच बसत नव्हता.

हे मथळे आमच्या डोक्यातून निघालेले नव्हते. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या इंग्रजी गॅझेटियरमध्ये जमातीगणिक रूप, घर, अन्न, देव आणि रीतिरिवाज असेच मांडलेले आहेत. ए. एन. वेलिंग यांचे कातकऱ्यांवरचे इंग्रजी पुस्तक १९३४ चे, ल. ना. चापेकरांचे ठाकरांवरचे १९६० चे. हे अभ्यास मोलाचे आहेत, त्यांत कष्ट आहेत. पण त्यांचा आराखडा कारभाऱ्याने घालून दिलेला होता, हे विसरता येत नाही. प्रजेची नोंद ठेवणाऱ्याला प्रजेचे म्हणणे नको असते, त्याला तिचे वर्णन पुरते.

या आराखड्याचा पहिला दोष म्हणजे त्यात साल नसते. ‘कातकरी काथ करतात’ असे आजही कुणी लिहून जातो. खैराच्या लाकडापासून काथ काढण्यावरून त्यांना काथोडी म्हटले गेले, हे खरे. पण जंगल सरकारी झाले आणि तो धंदा हातचा गेला. गुन्हेगार जमातीचा शिक्का बसला. ज्याच्यापाशी जमीन नाही तो दिवाळीनंतर उचल घेऊन कल्याण-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातो आणि पावसाच्या तोंडावर परततो. त्याची मुले शाळेच्या हजेरीपटावर असतात, वर्गात नसतात. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ चा आहे. पण उचल फिटत नाही तोवर भट्टी सुटत नाही, हा व्यवहार कायद्याने संपला नाही. साल काढून टाकले की ही सगळी लबाडी ‘त्यांची जीवनपद्धती’ होऊन बसते.

दुसरा दोष श्रद्धेच्या मथळ्याखाली दिसतो. तिथे वाघदेव, चेडा, हिरवा, कणसरी अशी देवांची यादी येते. यादी खोटी नसते. पण शेतापासून तोडलेली असते. भाताच्या रोपासाठी जमीन भाजायची, म्हणजे पाला-पाचोळा आणि फांद्या पसरून राब जाळायचा, पहिल्या पावसाची वाट पाहायची, मग आवणी. धान्याला देवी मानणे काय असते, ते या वाट पाहण्यातून समजते. आमच्या आजोळीही भातशेती होती आणि पाऊस लांबला की नमाज-ए-इस्तिस्का पढली जायची. तेव्हा आम्हाला कुणी ‘निसर्गपूजक’ म्हटले नाही. शेजाऱ्याच्या दुआला मात्र आम्ही ‘अंधश्रद्धा’ म्हणून मोकळे होतो.

इथे गो. नी. दांडेकरांच्या ‘जैत रे जैत’ला न्याय दिला पाहिजे. जब्बार पटेलांच्या चित्रपटामुळे ती घरोघर पोचली. तिच्यातला ठाकर ढोल आणि गाण्यांत गुंतलेला आहे, ही टीका होऊ शकते. सावकार आणि जंगलखाते यांच्यावर तिचा भर नाही. पण राणीमाशीने डोळा घेतल्यावर नाग्या पेटून उठतो. पुण्याई जोडू पाहणाऱ्या माणसावर हा घाव का, हा त्याचा सवाल आहे. त्याची श्रद्धा जाब विचारते. अशी श्रद्धा यादीत मावत नाही आणि म्हणून तो माणूस वाटतो.

तिसरा दोष सर्वांत मोठा. ‘गरजा’ कोण ठरवते? लेखक ठरवतो: पाणी, रस्ता, दवाखाना, शिक्षण. आता शहापूर तालुका पाहा. तानसा धरण १८९२ चे, त्यानंतर मोडकसागर, भातसा, मध्य वैतरणा. मुंबई ज्या पाण्यावर जगते त्यातले बरेचसे याच भागातून जाते आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांवर टँकरची वाट पाहिली जाते. अशा ठिकाणी ‘पाण्याची गरज’ लिहिणे म्हणजे अर्धे सत्य लिहिणे. शब्द हवा ‘हक्क’. गरज सांगितली की देणारा दयाळू ठरतो. हक्क सांगितला की घेणाऱ्याला हिशेब द्यावा लागतो. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली पाड्यातला माणूस जो अर्ज भरतो त्याला दावा म्हणतात. तो शब्द त्याने उचलला, आपल्या लेखांनी अजून उचललेला नाही.

गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या कसोटीला पुष्कळ उतरते. त्यातले वारली वेठ आणि लग्नगडी यांविषयी स्वतः बोलतात, शंका घेतात, घाबरतात, मग उभे राहतात. तरी त्या शीर्षकाविषयी आमच्या मनात एक खोच राहतेच. जागा होतो म्हणजे आधी झोपला होता काय? की त्याचे जागेपण आपल्याला दिसत नव्हते? वाहरू सोनवणे यांची ‘स्टेज’ ही कविता याच दुखण्यावर बोट ठेवते, आणि ती आदिवासी कवीने लिहिली यातच उत्तर आहे.

आपल्याला वाटेल, हे दोष बहुसंख्याकांचे. आपला यात काय संबंध? त्यासाठी जरा दूर जाऊ. आफ्रिकेत कॅमेरून आणि नायजेरियाच्या सीमेवर मंदारा डोंगर आहेत. तिथे चाडिक कुळातल्या भाषा बोलणारे माफासारखे शेतकरी दगडी बांध घालून उतारावर ज्वारी-बाजरी पिकवतात. त्यांतल्या सुकुर गावाचा परिसर युनेस्कोने १९९९ साली जागतिक वारसा ठरवला. या डोंगरी लोकांना ‘किर्दी’ म्हटले गेले. त्याचा अर्थ काफर, आणि हे नाव त्यांना सपाटीवरच्या मुस्लिम शेजाऱ्यांनी दिले. त्या सपाटीवरून गुलाम पकडायला टोळ्या डोंगरात जात. पुढे फ्रेंच कारभाऱ्यांनी तेच नाव कागदावर चढवले. नाव ठेवणारे आपले दीनी भाई होते, हे वाचून आम्हाला लाज वाटली. आपल्या मोहल्ल्यातही ‘जंगली’ हा शब्द किती सहज उच्चारला जातो!

कातकऱ्यांत सोन आणि ढोर असे भेद सांगितले जातात आणि त्यांचा संबंध कोण काय खातो याच्याशी जोडला जातो. ताटावरून माणसाची पायरी ठरवणे काय असते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक? आणखी एक साम्य वर्गात दिसते. आमच्या उर्दू शाळेत येणारे मूल घरी कोकणी बोलते, कातकऱ्याचे मूल घरी कातकरी बोलते. दोघांनाही पहिल्या दिवशी पुस्तकाची भाषा परकी वाटते आणि दोघांनाही ‘मठ्ठ’ म्हटले जाते.

म्हणून या वार्षिकाच्या लेखकांकडे आमचे मागणे लहान आहे. शेजाऱ्याविषयी लिहा, जरूर लिहा. पण साल लिहा. कर्ज कोणाचे, जमीन कोणाच्या नावावर, दुकानाची वही कोणाच्या हातात, हे लिहा. वही आपल्या हातात असेल तर तेही लिहा. आणि तुमच्या लेखात तो माणूस एकदा तरी तुमच्याशी असहमत होतो का, हे तपासा. होत नसेल, तर तो लेख अजून पुरा झालेला नाही.

त्या म्हाताऱ्याचा प्रश्न आज आम्ही इथे लिहिला. तो वीस वर्षांपूर्वीच, पहिल्या पानावर लिहायला हवा होता.