सुरकुतीवरची सुई : पत्रक काय म्हणते, प्रयोग काय सांगतो

चेहऱ्यावरील सुरकुत्या सुईने घालवण्याचा उपचार आता मुंबई-पुण्यापुरता उरलेला नाही. मोठ्या शहरांतील सौंदर्य-दवाखान्यांची रंगीत पत्रके माजलगावसारख्या तालुक्याच्या गावीही वर्तमानपत्राच्या घडीतून येऊन पडतात. लग्नसराईच्या आधी जरा अधिकच. या पत्रकांची भाषा विज्ञानाची असते. त्यांत ‘प्रथिन’ असते, ‘रेणू’ असतो, ‘अमेरिकेत मान्यताप्राप्त’ हे तर असतेच. गावात विज्ञानाचे शिक्षक म्हणून ज्यांची ओळख आहे त्यांना मग कोणीतरी विचारते, “सर, हे खरे आहे का हो?” उत्तर द्यायचे तर या पत्रकांचे परीक्षण करायला हवे. एखाद्या पुस्तकाचे करतात तसे, गंभीरपणे.

सुरुवातीलाच सांगतो, औषधाशी माझे भांडण नाही. बोट्युलिनम जीवविष हे विसाव्या शतकातील औषधशास्त्राच्या उत्तम कामगिरींपैकी एक आहे. तिरळेपणा, पापण्यांची अनावर उघडझाप, मान वाकडी करणारे आचके, मेंदूच्या पक्षाघाताने ताठरलेले मुलांचे पाय अशा विकारांत त्याने हजारो रुग्णांना आराम दिला आहे. प्रश्न आहे तो या औषधाबद्दल जे सिद्ध झाले आहे त्याला ताणून काय म्हटले जाते, याचा.

प्रथम सुरकुती म्हणजे काय ते पाहू. आरशासमोर उभे राहून भुवया वर उचला. कपाळावर आडव्या रेषा उमटतात. कपाळाच्या स्नायूचे तंतू मात्र उभे असतात. आता त्रासिक चेहरा करा. दोन भुवयांच्या मध्ये उभ्या रेषा येतात, आणि भुवया जवळ ओढणाऱ्या स्नायूचे तंतू साधारण आडवे असतात. स्नायू ज्या दिशेने आखडतो तिला काटकोनात कातडीची घडी पडते. पडदा दोरीने एका बाजूला ओढला की चुण्या पडतात, तसाच हा प्रकार. चेहरा सैल सोडला की तरुणपणी या घड्या पुसल्या जातात. पुढे अंतस्त्वचेतील कोलॅजेन व इलॅस्टिन ही प्रथिने कमी होतात, विस्कटतात आणि घडी तिथेच मुक्काम करते. पहिल्या प्रकाराला चल सुरकुती म्हणू, दुसऱ्याला स्थिर. पत्रकांत हा भेद कधीच नसतो आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो.

सुरकुतीच्या बाबतीत बोट्युलिनम जीवविषाचे काम स्नायूला मिळणाऱ्या आज्ञेपुरते असते. मज्जातंतूच्या टोकाशी असिटिलकोलीन नावाचे रसायन सूक्ष्म पिशव्यांत भरलेले असते. पिशवी पेशीपटलाला चिकटते, फुटते, रसायन बाहेर पडते आणि स्नायू आखडतो. पिशवी पटलाला जोडण्यासाठी लागणाऱ्या प्रथिनांपैकी एकाचे, ‘स्नॅप-२५’चे, हे जीवविष तुकडे करते. आज्ञा येते, पण पोचत नाही. काही महिन्यांत मज्जातंतू पूर्ववत होतो आणि स्नायू पुन्हा चालू लागतो. कातडीतील कोलॅजेनशी या साऱ्याचा थेट संबंध नाही. म्हणजे ‘त्वचा तरुण होते’ हे पत्रकातील वाक्य या यंत्रणेतून निघत नाही. कातडीला ओढणारा हात काही काळ बांधून ठेवला जातो, इतकेच.

‘संपूर्ण नैसर्गिक प्रथिन’ हेही या पत्रकांचे आवडते विशेषण. ते खोटे नाही. नागाचे विषही नैसर्गिक प्रथिनच असते. जर्मनीतील वुर्टेम्बर्ग येथे युस्टिनुस केर्नर या डॉक्टरने १८२० व १८२२ साली बिघडलेल्या सॉसेजमधून होणाऱ्या विषबाधेचे वर्णन केले. लॅटिनमध्ये ‘बोट्युलुस’ म्हणजे सॉसेज. या विषाचा उपयोग औषध म्हणून करता येईल, अशी कल्पनाही त्यानेच मांडली. १८९५ साली बेल्जियममधील एका खेड्यात अंत्ययात्रेनंतरच्या जेवणात खारवलेले मांस खाऊन वादकांना विषबाधा झाली, त्यांत तिघे दगावले. त्या तपासातून एमिल फान एर्मेंगेम याने जिवाणू वेगळा केला. शिक्षकांना जवळचे वाटेल असे उदाहरण आपल्या शेजारच्या राज्यातले आहे. १९९६ साली गुजरातमधील एका निवासी शाळेत बेसनाची शेव खाल्ल्यानंतर ३४ विद्यार्थ्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले आणि त्यांतील काही दगावले. संशय याच कुळातील एका जीवविषावर होता. या जिवाणूंची बीजुके मातीत, कधी मधातही असतात. वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये असे डॉक्टर सांगतात ते यामुळेच. तेव्हा ‘नैसर्गिक’ या शब्दाने सुरक्षिततेबद्दल काहीही कळत नाही. सुरक्षितता आहे ती मात्रेत.

मात्रा मोजण्याची रीत सांगितली की वर्ग हमखास शांत होतो. टोचलेल्या उंदरांपैकी निम्मे उंदीर ज्या मात्रेने मरतात ती मात्रा म्हणजे एक युनिट. भुवयांमधील रेषांसाठी बोटॉक्स या उत्पादनाची मात्रा २० युनिट, पाच जागी चार-चार. माणसाला मारक ठरणाऱ्या मात्रेच्या ती पुष्कळच खाली आहे. पण एका कंपनीचे युनिट दुसऱ्या कंपनीच्या युनिटाइतके नसते. तोळा आणि ग्रॅम यांची अदलाबदल करावी तशी ही चूक होऊ शकते. पत्रकात ‘फक्त इतक्या रुपयांत’ असते. कोणते उत्पादन, किती युनिट हे नसते.

आता ‘अमेरिकेत मान्यताप्राप्त’. हे औषध तिरळेपणा व पापण्यांच्या विकारासाठी १९८९ साली तिथे मान्य झाले; त्याआधीचे मूलभूत काम सॅन फ्रान्सिस्कोच्या अॅलन स्कॉट यांचे. व्हँकूव्हरच्या जीन करुथर्स या नेत्रतज्ज्ञ. पापण्यांच्या रुग्णांना सुई देताना भुवयांमधल्या रेषाही जातात हे १९८७ च्या सुमारास त्यांच्या ध्यानात आले आणि त्यांचे त्वचारोगतज्ज्ञ पती अॅलिस्टर यांच्यासह त्यांनी १९९२ साली तो निष्कर्ष प्रसिद्ध केला. सुरकुत्यांसाठीची मान्यता एप्रिल २००२ मध्ये मिळाली. कशासाठी? भुवयांमधील रेषा तात्पुरत्या कमी दिसाव्यात यासाठी. ‘तात्पुरत्या’ हा शब्द त्या मान्यतेतच आहे. पुढे डोळ्यांच्या कडेच्या आणि कपाळाच्या रेषांचीही भर पडली. ‘वार्धक्य’ हा शब्द त्यात कुठेही नाही.

त्या मान्यतेमागील प्रयोग शिकवण्याजोगा आहे. एकूण ५३७ व्यक्ती. ४०५ जणांना औषध, १३२ जणांना औषध नसलेली सुई. कोणाला काय मिळाले हे टोचणाऱ्यालाही ठाऊक नाही, टोचून घेणाऱ्यालाही नाही. रेषांना शून्य ते तीन असे गुण. तीस दिवसांनी, पूर्ण जोर लावून भुवया आवळल्यावर, ज्यांच्या रेषा ‘नाहीत’ किंवा ‘सौम्य’ ठरल्या असे औषधाच्या गटात ८० टक्के, दुसऱ्या गटात ३ टक्के. हा फरक भक्कम आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण पुढच्या ओळी वाचा. नव्वद दिवसांनी ४८ टक्के. एकशेवीस दिवसांनी २५ टक्के. पत्रकातील ‘आधी’ आणि ‘नंतर’ची छायाचित्रे बहुधा या आलेखाच्या माथ्यावरची असतात, चौथ्या महिन्याचे छायाचित्र छापलेले निदान माझ्या पाहण्यात नाही. दहावीच्या विद्यार्थ्यांना हे चार आकडे देऊन आलेख काढायला सांगावा आणि वर्षभर परिणाम टिकवायचा तर किती वेळा टोचावे लागेल, हे त्यांच्याकडूनच काढून घ्यावे.

या प्रयोगातील मोजमाप स्नायू आखडलेला असताना घेतले होते, हेही ध्यानात घ्यावे. स्नायू लुळा पाडणाऱ्या औषधाची परीक्षा स्नायूच्या जोरावरच घेतली, आणि ते रास्तच होते. प्रयोगात सहभागी झालेल्या बहुसंख्य व्यक्ती गोऱ्या वर्णाच्या आणि स्त्रिया होत्या. सरासरी वय पन्नाशीच्या आत. पासष्टीच्या पुढचे थोडेच होते आणि त्यांच्यात परिणाम कमी दिसला. म्हणजे ज्यांच्या सुरकुत्या मुक्कामाला आलेल्या असतात, नेमके त्यांच्यात.

माजलगावकडे वळावेसे वाटते ते इथे. आपल्या तालुक्यात सिंदफणेवर धरण आहे, कालवे आहेत, ऊस आहे. तरी बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात नि कर्नाटकात ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. चाळिशीतल्या ऊसतोड बाईचा चेहरा आठवून पाहा. त्या रेषा रागावण्याच्या किंवा हसण्याच्या थोड्या, उन्हाच्या फार. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांपैकी ‘अ’ प्रकारचे किरण अंतस्त्वचेपर्यंत पोचतात. तिथे कोलॅजेन कापणारी विकरे सक्रिय होतात, इलॅस्टिनचे तंतू गुठळ्यांसारखे विस्कटतात. सावळ्या कातडीतील मेलॅनिन बरेच संरक्षण देते, म्हणून आपल्याकडे सुरकुत्या उशिरा येतात आणि डाग आधी येतात. पण एप्रिल-मे महिन्यांत मराठवाड्यात निरभ्र दुपारी अतिनील निर्देशांक ११ च्या वर जातो, आणि ११ पासून पुढे जागतिक प्रमाणानुसार ‘आत्यंतिक’ ही श्रेणी लागते. असे उन्हाळे वीस-पंचवीस झाले की मेलॅनिनही पुरे पडत नाही.

ऊन चेहऱ्याचे काय करते याचा बोलका पुरावा २०१२ साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आला. ६९ वर्षांचा ट्रकचालक, २८ वर्षे गाडी चालवलेला. त्याच्या चेहऱ्याची खिडकीकडील डावी बाजू खोल सुरकुत्यांनी भरलेली आणि उजवी बाजू कितीतरी तरुण. माणूस एक, वय एक, चेहऱ्याचे दोन भाग. खिडकीची काच ‘ब’ किरण अडवते, ‘अ’ किरण बरेचसे आत येऊ देते. ‘वय झाले की सुरकुत्या येणारच’ हे विधान किती अपुरे आहे ते या एका चेहऱ्यावरून कळते.

आणि उन्हापासून बचाव केला तर? ऑस्ट्रेलियातील नांबोर येथे ९०३ प्रौढांवर साडेचार वर्षे प्रयोग झाला, निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. रोज ऊनरोधक मलम लावणाऱ्यांच्या कातडीचे वार्धक्य मर्जीनुसार मलम लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्क्यांनी कमी दिसले. हे लोक प्रामुख्याने गोरे, तेव्हा आकडा जसाच्या तसा आपल्याला लावता येणार नाही. पण तत्त्व लागू होते, आणि पदर, उपरणे, रुंद काठाची टोपी यांची पत्रके कोणी छापत नाही. तोडणीच्या फडात सावलीला जागा नाही आणि मलमाला पैसे नाहीत, ही गोष्ट मात्र प्रयोगशाळेत सुटणारी नव्हे.

पत्रकातील दुसरी सुई ‘फिलर’ची. तिच्यात बहुधा हायलुरॉनिक आम्ल असते. कार्ल मेयर व जॉन पामर यांनी १९३४ साली गायीच्या डोळ्यातून ते प्रथम वेगळे केले. हा रेणू पाणी धरून ठेवतो. त्याच्या साखळ्या एकमेकींना रसायनाने जोडून जेल करतात, ते खळग्यात भरतात, खळगा वर येतो. भिंतीला लांबी भरावी तसे. इथे स्थिर सुरकुतीचा विचार आहे खरा, पण धोकाही वेगळ्या जातीचा आहे. जेल चुकून रोहिणीत गेले तर रक्तपुरवठा तुटतो. कातडी मरते, क्वचित कायमचे अंधत्व येते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याबद्दल २०१५ साली जाहीर इशारा दिला. भुवयांमधली आणि नाकाजवळची जागा त्यात विशेष धोक्याची. जेल विरघळवणारे विकर हाताशी असणे आणि ते मिनिटा-मिनिटाच्या हिशेबाने वापरता येणे, हे ब्यूटी पार्लरचे काम नव्हे.

‘शंभर टक्के सुरक्षित’ यावर फार लिहीत नाही. जीवविष टोचल्या जागेपासून दूर पसरून गिळायला, श्वास घ्यायला त्रास होऊ शकतो, असा ठळक चौकटीतला इशारा २००९ पासून अमेरिकेत या औषधांवर छापावा लागतो. २०२४ साली तिथेच बनावट किंवा नीट न हाताळलेल्या सुयांमुळे ११ राज्यांतील २२ जणींना त्रास झाला, त्यांतील ११ जणींना रुग्णालयात जावे लागले. कित्येकींनी सुई घरी किंवा सौंदर्यगृहात घेतली होती. बोटॉक्सची कुपी लसीप्रमाणे २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते, सलाइन मिसळल्यावर २४ तासांत वापरावी लागते आणि एकाच रुग्णासाठी वापरायची असते. ५० किंवा १०० युनिटांच्या कुपीतून २० युनिटे वापरल्यावर उरलेल्याचे काय करतात? ‘मैत्रिणीसह या, सवलत मिळवा’ अशा योजना पाहिल्या की हा प्रश्न मनात येतोच.

आपल्या औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मध्ये ‘जे’ नावाचे परिशिष्ट आहे. ज्या विकारांवर औषध प्रतिबंध करते वा बरे करते असा दावा कोणत्याही औषधाबद्दल करता येत नाही, त्यांची ती यादी. तीत ‘अकाली वार्धक्य’ आहे, ‘पुन्हा तरुण करण्याची शक्ती’ही आहे. ‘तारुण्य परत मिळवा’ असे छापणाऱ्याने ही यादी बहुधा वाचलेली नसते. वर्गात ती आणि एखादे पत्रक शेजारी-शेजारी ठेवून वाचता येईल.

त्यासोबत एक निरीक्षण करण्यासारखे आहे. त्याला चेहरे मोजू नयेत, मुले एकमेकांना आणि बाईंनाही हसतात. प्रत्येकाने घरातील साठीच्या पुढच्या व्यक्तीच्या दंडाची आतली बाजू आणि मनगटाजवळची बाहेरची बाजू भिंगातून पाहावी. कातडीचे वय दोन्हीकडे सारखेच आहे. फरक आहे तो दोन्ही जागांवर आयुष्यभर पडलेल्या उन्हाचा. रेषा, डाग, खरखरीतपणा यांची नोंद करावी, आणि त्या व्यक्तीने शेतात किती वर्षे काम केले, डोक्यावर काय घेतले, हेही विचारून लिहावे. पन्नास घरांच्या अशा नोंदी तक्त्यात मांडल्या, तर शेतात राबलेल्यांच्या आणि दुकानात बसलेल्यांच्या दंड-मनगटातला फरक सारखाच येतो की वेगळा, ते विद्यार्थ्यांना स्वतःच पाहता येईल.