सरळ रेघ येते कुठून?

पहिला लेथ घ्यायला निघालेल्या माणसापुढे सहसा दोनच वाटा असतात. एक नवा, चिनी बनावटीचा मिनी लेथ. दुसरा एखाद्या बंद पडलेल्या वर्कशॉपच्या कोपऱ्यातला, तेलाने काळा झालेला जुना बिडाचा लेथ. नव्याला पैसे पुरत नाहीत आणि जुना पारखता येत नाही. मी या पेचात असतानाच डेव्हिड गिंगरी यांचं ‘द मेटल लेथ’ हाती आलं. गिंगरी अमेरिकेतल्या मिसूरी राज्यातल्या स्प्रिंगफील्डचे. भंगारातून घरचं वर्कशॉप कसं उभारायचं यावर त्यांनी सात पुस्तकांची मालिका लिहिली, त्यातलं हे दुसरं. लेथ घरी बनवायला शिकवणारं हे पुस्तक, पण तो विकत घेणाऱ्यानेही आधी हेच वाचावं.

मालिकेतलं पहिलं पुस्तक कोळशाच्या भट्टीचं आहे. बादलीएवढ्या भट्टीत ॲल्युमिनियमचं भंगार वितळवायचं, लाकडाचे पॅटर्न करायचे, वाळूत साचे भरायचे. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, फाउंड्र्यांच्या शेजारी वाढलेल्याला यात परकं काहीच वाटणार नाही. दुसऱ्या पुस्तकात याच ओतकामातून लेथ उभा राहतो: सात इंचांचा स्विंग (फिरवता येणाऱ्या कामाचा मोठ्यात मोठा व्यास), दोन सेंटरांमध्ये बारा इंच. बाजारातल्या मिनी लेथचं मापही साधारण एवढंच असतं.

पण मी पुनःपुन्हा उघडतो ती पानं स्क्रेपिंगची. ओतलेला बेड, म्हणजे लेथचा पाया, कधीच सपाट नसतो, आणि तो सपाट करायला मशीन नाही, कारण मशीनच अजून व्हायचं आहे. मग आधीच सपाट असलेल्या एखाद्या पृष्ठभागावर निळ्या रंगाचा अगदी पातळ थर द्यायचा, त्यावर काम घासायचं आणि उचलून पाहायचं. जिथे निळं लागलं तिथे उंचवटा. तेवढाच स्क्रेपरने खरवडायचा, पुसायचं, पुन्हा घासायचं. सुरुवातीला दोन-चार ठिपके उमटतात. मग दहा, मग वीस. असं करत करत सगळ्या अंगभर निळी रांगोळी पसरते. मोठ्या कारखान्यांच्या मक्तेदारीची वाटणारी अचूकता इथे हाताने, धीराने निपजताना दिसते. गिंगरी हे एखादा चमत्कार सांगितल्यासारखं सांगत नाहीत. शेजारच्या बाकावर काम करणाऱ्या जुन्या टर्नरने हात धरून दाखवावं, तसा त्यांचा सूर आहे.

दुसरी जागा हेडस्टॉकच्या बोअरिंगची. काम फिरवणारा स्पिंडल बेडला समांतर नसेल तर टर्निंग केलेला दांडा एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक निघणार. म्हणून हेडस्टॉकमधलं स्पिंडलचं भोक बाहेरून पाडून आणायचं नाही. त्याच बेडच्या आधाराने, बोअरिंग बार लावून, जागच्या जागीच बोअर करायचं. अर्धवट लेथ स्वतःचाच पुढचा भाग घडवू लागतो. निळ्या ठिपक्यांनी कमावलेला सरळपणा आता स्पिंडलमध्ये उतरतो. ही युक्ती पहिल्यांदा कळली तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसलो होतो.

ॲल्युमिनियमचा बेड बिडाच्या बेडाइतका ताठ नाही, जाड कट त्याला झेपणार नाही, हे खरं. पण माझ्यासाठी या पुस्तकाचं मोल त्यातून होणाऱ्या यंत्राहून मोठं आहे. लेथ घेताना आपण पैसे नक्की कशाचे मोजतो, हे मला या पुस्तकाने दाखवलं.

आता जुना लेथ बघायला गेलो की रंग, मोटर, चकाची चकाकी हे सगळं नंतर. आधी हत्यार धरणारं कॅरेज चकाजवळ आणतो आणि तिथला ढिलेपणा जाईपर्यंत जिबचे स्क्रू आवळतो. मग कॅरेज हाताने टेलस्टॉककडे नेतो. बहुतेक काम चकाजवळच होत असल्याने बेड तिथेच झिजतो. त्यामुळे झिजलेल्या बेडवर कॅरेज पलीकडच्या टोकाला जाताना जड होतं, कधी अडकतंच. शेवटी वेजच्या, म्हणजे कॅरेज ज्यांवरून सरकतं त्या पट्ट्यांच्या, कडेवरून नख फिरवतो. बारीकशी पायरी लागली की हात तिथेच थांबतो, आणि ती पायरी घालवायला किती संध्याकाळी निळं लावून खरवडत बसावं लागेल, याचा मी मनात हिशेब करू लागतो.