बसण्याची उंची : जुन्या स्टुलांचे एक वाचन

यवतमाळच्या आमच्या घरात एक सागवानी स्टूल आहे. आजोबा एका जिनिंगमध्ये काट्यावर नोंदी ठेवत. जिनिंग बंद पडल्यावर तिथले हे स्टूल घरी आले. अलीकडे पुण्या-मुंबईहून आलेले पाहुणे आधी त्याच्याकडे पाहतात आणि मग किंमत विचारतात. जुन्या स्टुलांना घरसजावटीत मागणी आली आहे आणि निवडीचे निकषही जवळजवळ ठरून गेले आहेत : लाकूड सागाचे हवे, रंग काळपट हवा, पाय कातीव असतील तर उत्तमच. माझा आक्षेप या निकषांना आहे. त्यांतून स्टूल दिसते, त्यावर बसलेला माणूस दिसत नाही.

आधी शब्दांविषयी. पुरावस्तूंविषयीच्या १९७२च्या केंद्रीय कायद्यात अशा वस्तूंसाठी शंभर वर्षांची मर्यादा आहे. ‘व्हिंटेज’ या शब्दाला तशी कुठलीच मर्यादा नाही. चाळीस वर्षांच्या स्टुलालाही तो खुशाल लावला जातो. आपले जुने शब्द मात्र वयाबद्दल काहीच सांगत नाहीत. पाट, चौरंग, तिवई हे शब्द वस्तूचा घाट सांगतात आणि घाटातून तिचे काम कळते.

तिवईचेच पाहा. तीन पाय उंचसखल जमिनीवरही एकाच वेळी टेकतात, त्यामुळे शेणाने सारवलेल्या जमिनीवर तिवई डगमगत नाही. चौथा पाय आला की जमीन सपाट लागते. शहाबादी फरशी, कचेरी, शाळा, जिनिंग यांच्या सोबतीने चार पायांचे स्टूल आपल्याकडे रुळले असावे, असे मला वाटते. म्हणजे स्टुलाचे पाय त्याच्या खालच्या जमिनीचीही साक्ष देतात.

दुसरी साक्ष उंचीची. पाट जमिनीपासून चार बोटे वर. पण पंगतीत तो कोणाला मिळे आणि कोण मागून, उरलेल्यात, जमिनीवर बसून जेवे, हे आपल्या आज्यांना विचारण्याची गरज नाही. कचेरीत साहेबाच्या खुर्चीला पाठ आणि हात, दाराबाहेरच्या शिपायाच्या स्टुलाला दोन्ही नाही. जिनिंगमध्ये आजोबा स्टुलावर बसत आणि कापसाची बंडी घेऊन आलेला शेतकरी आकडा ऐकण्यासाठी उभा राही. त्याच उंचीला आज आपण ‘छान प्रमाणबद्ध’ म्हणतो. आणि ज्यांना आपल्या वाड्यांच्या अंगणात पाटही दिला गेला नाही, जे उकिडवे बसून परत गेले, त्यांच्या बसण्याची कोणतीच वस्तू जुन्या बाजारात विकायला येत नाही. ‘वारसा’ म्हणून आपण जे निवडतो, त्यात ही गैरहजेरीही धरली पाहिजे.

तिसरी साक्ष झिजेची, आणि निवड करणाऱ्याला सगळ्यात उपयोगी हीच. स्टूल विकत घेताना ते आधी उलटे करावे. वरून पॉलिश कितीही केले, तरी खालच्या बाजूला रंध्याचे ओरखडे आणि पाचरी सहसा तशाच राहतात. पायांमधली आडवी पट्टी पाहावी. माणूस पाय टेकवतो तो बहुधा एकाच बाजूने, म्हणून खरी झीज एकसारखी नसते. चारही पट्ट्या सारख्याच झिजल्या असतील, तर ते काम कानशीचे समजावे. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, पण सालीजवळच्या फिकट लाकडाला लागते. तिथे नखाने दाबून पाहावे. चपड्याचे जुने पॉलिश स्पिरिटच्या बोळ्याने चिकट होते, आजचे मेलामाइन होत नाही. या खुणा किंमत ठरवायला लागतातच. पण त्या वाचणे म्हणजे कुणाच्या तरी देहाची सवय वाचणे असते.

हे वाचन सुटले की काय होते, ते चंडीगढमध्ये दिसले. पियेर जानरे यांच्या देखरेखीखाली तिथल्या सरकारी इमारतींसाठी सागवानी खुर्च्या, टेबले, स्टुले तयार झाली. पुढे ती मोडकी ठरली, भंगाराच्या भावाने लिलावात गेली आणि परदेशी लिलावघरांत लाखोंना विकली जाऊ लागली. शंभर वर्षे न झाल्यामुळे १९७२च्या कायद्याचे संरक्षण त्यांना नव्हते. २०११मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाला वेगळा आदेश काढावा लागला. कारकुनाला जे भंगार वाटले, ते संग्राहकाला रत्न वाटले. दोघांनीही ती वापरणाऱ्याचा विचार केला नाही.

हे लिहिण्याचा अधिकार मला कितपत आहे, कोण जाणे. दोन वर्षांपूर्वी आमचे स्टूल मीच पॉलिशला दिले होते. मिस्त्रींनी ते हातात घेऊन विचारले, “भाऊ, हे बसाले पायजे का पाह्याले?” मी हसून म्हणालो, “पाहायलाच.” त्यांनी सांगितले तसे केले. स्टूल परतले तेव्हा बैठकीवरचा शाईचा डाग घासला गेला होता आणि आडव्या पट्टीवर आजोबांच्या उजव्या टाचेने पाडलेला खळगा लांबी भरून सपाट झाला होता. त्या खळग्याच्या समोर उभ्या राहिलेल्या माणसांची आठवण देणारी तेवढीच खूण आमच्या घरात होती. पाहुण्यांना आता ते अधिकच आवडते.

म्हणून माझा निकष साधा आहे. ज्याची झीज अजून वाचता येते, ते स्टूल घ्यावे; ते पुसू नये; आणि त्यावर बसावे. संग्रहालयातल्या वस्तूवर कोणी बसत नाही, घरातल्या वस्तूला ती मुभा आहे. आमचे स्टूल मी दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात हलवले आहे. आई त्यावर बसून तूर निवडते. तिची टाच डाव्या बाजूला टेकते.